पुसून न टाकलेले फोटो

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून परसातल्या पाण्याच्या परळापर्यंतचे अंतर ११ फूट आहे. हे मी टेपने मोजले आहे, कारण ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पूर्ण लांबवून आणि छिद्र एफ/५.६ वर ठेवून एवढ्या अंतरावरच्या पक्ष्याचा फोटो काढला, की जेमतेम इंचभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. बुलबुलाचा डोळा त्या पट्ट्यात सापडला, तर शेपटी हमखास बाहेर राहते. एफ/८ वर, म्हणजे लहान छिद्रावर, गेले की दीड इंच मिळतो, पण मग प्रकाश कमी पडतो म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि पिसांवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात. गेली सहा वर्षे मी या ११ फुटांच्या हिशेबात स्वयंपाक करते आहे. ओट्यावर डावीकडे मिसळणाचा डबा आणि उजवीकडे कॅमेरा असतो, आणि हळदीचा हात कॅमेऱ्याला लागू नये म्हणून मधे एक ओले फडके ठेवलेले असते.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या उतारावर आमचे जुने घर आहे आणि त्याच्यामागे अडीच गुंठे जागा उरली आहे. तिच्यात सासऱ्यांनी लावलेला आंबा, एक शेवगा, आपोआप वाढलेला कढीपत्ता, दोन जास्वंदी, कर्दळीचा ताटवा आणि कुंपणाला हमेलिया. यातले एकही झाड पक्ष्यांसाठी म्हणून लावलेले नाही. कढीपत्त्याची फळे पिकून काळी झाली की बुलबुल आणि ठिपक्याठिपक्यांची कोकिळा येते, शेवगा फुलला की शिंजीर, म्हणजे सनबर्ड, येतात, आणि सातभाई मात्र झाड कोणते आहे याचा विचार न करता वर्षभर पाचोळा उलटत भांडत असतात. परळ मातीचा आणि उथळ आहे, मधे एक खडबडीत दगड ठेवला आहे, आणि डासांची पैदास होऊ नये म्हणून पाणी एक दिवसाआड ओतून टाकते. नाचण दुपारी दोनच्या सुमारास आंघोळीला येतो, म्हणजे नेमका माझ्या जेवणाच्या वेळी. शिंजीर या परळाला कधी शिवत नाही. कर्दळीला पाणी घातल्यावर तिच्या रुंद पानावर जे थेंब साचतात, त्यांत तो पोट घासत लोळतो, आणि ही आंघोळ काही सेकंदांत आटोपते.

घरच्यांची तक्रार अशी, की माझ्या फोटोंनी दोन हार्ड डिस्क भरल्या आहेत आणि त्यांतले भिंतीवर लावण्याजोगे पन्नाससुद्धा निघणार नाहीत. तक्रार खरी आहे. छायाचित्रणाचा कोणताही जाणकार हेच सांगतो, की रोज संध्याकाळी निवड करावी आणि हललेले, अंधारलेले, मान कापली गेलेले फोटो निष्ठुरपणे पुसून टाकावेत. पहिले वर्षभर मी तेच केले, आणि त्या वर्षाचे मला अजून वाईट वाटते.

त्या वर्षी मार्चमध्ये जांभळ्या शिंजिराच्या नराचे काही चांगले फोटो मिळाले होते. पावसाळा सरला आणि तो दिसेनासा झाला. हमेलियावर उरल्या त्या नुसत्या माद्या, वरून मातकट आणि खालून पिवळसर. त्यांतल्या एकीच्या गळ्यापासून पोटापर्यंत शाईचा फराटा ओढल्यासारखी काळी रेघ होती. फोटो धूसर होते, शिवाय मादीचे फोटो पुरेसे झाले होते, म्हणून मी ते पुसून टाकले. पुढे कळले, की ती मादी नव्हतीच. विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपली चमकदार पिसे गाळतो, मादीसारखा साधा वेष घेतो आणि गळ्यावरची ती काळी रेघ तेवढी खूण म्हणून ठेवतो. म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता, रोज सकाळी त्याच फांदीवर बसत होता. पुढच्या वर्षी मी सप्टेंबरपासून त्याचा एकही फोटो पुसला नाही. डिसेंबर-जानेवारीतले ते फोटो तारखेवार लावले, तर खांद्यावर एक जांभळा ठिपका, मग डोक्यावर दोन, मग रफू केल्यासारखे अर्धे अंग, असा त्याचा वेष हळूहळू परत येताना दिसतो. यातला एकही फोटो स्पर्धेला पाठवण्याच्या लायकीचा नाही.

पूर्ण वेषातला हा नर म्हणजे तर कॅमेऱ्याची परीक्षाच आहे. उजळ आकाशासमोर तो बसला, की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक आकाश पाहून फोटो अंधारवतो आणि पक्ष्याचा नुसता कोळसा होतो. एक्स्पोजर एका टप्प्याने वाढवले तर पिसे दिसतात, पण जांभळा रंग येईलच असे नाही. तो रंग पिसांत मिसळलेला नसतोच. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश ठरावीक कोनात परतला, तरच तो डोळ्याला दिसतो, साबणाच्या फुग्यावरच्या रंगांसारखा. त्यामुळे एकाच सेकंदात घेतलेल्या सहा फोटोंपैकी पाच काळे आणि सहावा मोरपंखी असे होते. उन्हाकडे पाठ करून बसावे आणि त्याने मान वळवण्याची वाट पाहावी, एवढेच आपल्या हातात असते. स्वतःच्या रंगाबद्दल त्याला मात्र काहीच शंका नसावी, कारण फेब्रुवारीत तो आमच्या स्कूटरच्या आरशातल्या प्रतिस्पर्ध्याशी तासन्‌तास झुंजतो. शेवटी आरशांवर कापडी पिशव्या बांधाव्या लागतात, आणि त्या न काढता बाजारात गेल्याने माझे एकदा चांगलेच हसे झाले होते.

हललेल्या फोटोंचा सर्वांत मोठा उपकार मात्र फुलटोच्याने केला. आमच्या आंब्यावर बांडगूळ आहे. ते आंब्याचा रस शोषते, फांदी वाळवते, म्हणून तोडून टाकावे, असे बागकामातले कोणीही सांगेल, आणि यजमानांनी त्यासाठी कोयता घासूनही ठेवला होता. त्याच आठवड्यात टिकेलचा फुलटोच्या त्यावर येऊ लागला. हा आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, अंगठ्याएवढा आणि रंगाने धुळकट. बांडगुळाची पिकलेली गुलाबी फळे तो अख्खी गिळतो. मी १/१२५ सेकंदाच्या शटरवेगावर फोटो काढत होते, तो स्थिर बसेना, आणि चाळीस-बेचाळीस फोटो वाया गेले असे समजून मी कॅमेरा ठेवून दिला. रात्री संगणकावर ते एकापाठोपाठ एक पाहिले, तेव्हा त्या वळवळीचा अर्थ लागला. पक्षी फांदीवर आडवा होऊन मागचे अंग सालीवर घासत होता. बांडगुळाची बी विलक्षण चिकट असते. ती विष्ठेतून सहज सुटून पडत नाही, म्हणून त्याला ती फांदीला पुसावी लागते, आणि पुसली की तिथेच चिकटून ती रुजते. एका फोटोत शेपटीखालून फांदीपर्यंत ताणलेला चकाकता धागा आणि त्याच्या टोकाला बी, इतके स्वच्छ आले आहे, की पक्षी धूसर असल्याचे काही वाटत नाही. थोडक्यात, आंब्यावर बांडगुळाची लागवड कोण करते त्याचा पुरावाच मी घरात आणला होता. यजमानांशी तडजोड झाली: आंब्याच्या उत्तरेकडची एक फांदी फुलटोच्याची, बाकीच्या आपल्या.

आता जे लिहायचे आहे, ते लिहायला मी बरेच दिवस टाळत होते. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये शिंजिराच्या मादीने ओसरीलगतच्या जाईच्या वेलावर, माझ्या छातीच्या उंचीला, घरटे बांधले. हे घरटे म्हणजे लोंबती पिशवी असते. दार बाजूला आणि दारावर पुढे आलेली लहानशी पडवी. ते मादी एकटीच बांधते आणि अंडीही एकटीच उबवते. ओसरीवरच्या खुर्चीतून ते स्पष्ट दिसे, फक्त जाईच्या तीन डहाळ्या दारावर येत होत्या. पिल्ले बाहेर आल्यावर मादी चोचीत अळी घेऊन येई, आणि प्रत्येक फोटोत नेमके तिच्या डोळ्यावर जाईचे पान. मी कात्रीने त्या तीन डहाळ्या कापल्या. दोन दिवस अप्रतिम फोटो मिळाले. चोचीत कोळी घेतलेली मादी, दारातून बाहेर आलेल्या दोन केशरी चोची, पिल्लाची पांढरी विष्ठा पुडीसारखी उचलून नेणारी मादी, सगळे काही नीटस आणि डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका असलेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, लवकर ये, कुंपणावर भारद्वाज बसलाय. दिवस चांगला जाणार बघ." आमच्याकडे भारद्वाजाचे दर्शन शुभ मानतात. त्यांनी हात जोडले आणि मी त्याचे बारा फोटो काढले. तांबडे पंख, लालभडक डोळा, असा भारद्वाज इतक्या मोकळ्यावर मला कधीच मिळाला नव्हता. दुपारी ओसरीवर गेले, तेव्हा घरटे खालून फाटले होते आणि मादी चोचीत खाणे घेऊन समोरच्या डहाळीवर बसली होती. रात्री सकाळचे फोटो मोठे करून पाहिले. सातव्या फोटोत भारद्वाजाच्या चोचीच्या कडेला एक गुलाबी, पिसे नसलेला पाय आहे. सासूबाईंना मी तो फोटो दाखवला नाही. भारद्वाजाने त्याचे काम केले; घरट्याचे दार त्याला उघडून दिले ते मी. अनेक स्पर्धांमध्ये आता घरट्यांचे फोटो स्वीकारत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मला कुठल्या स्पर्धेत भाग घ्यायचा नव्हता, म्हणून तो नियम माझ्यासाठी नाही, असा माझा समज होता. त्या दोन दिवसांचे सुंदर फोटो आणि भारद्वाजाचे बारा फोटो मी एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहेत.

त्यानंतर परसात काही गोष्टी बंद झाल्या. फांदी कापणे बंद आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणेही बंद. ओळखीच्या एका पाहुण्यांनी एकदा तसा दयाळाचा आवाज वाजवला होता. आमचा दयाळ कुठल्या परक्या नराने हद्दीत पाऊल टाकले म्हणून अर्धा तास फुगून, शेपटी उभारून या झाडावरून त्या झाडावर धावत राहिला, आणि पाहुण्यांना वाटले, की तो छान पोझ देतो आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर चालणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये मात्र मी न चुकता भाग घेते. भारतात ही मोजणी २०१३ पासून होते, आणि किमान १५ मिनिटे आपल्या अंगणातले पक्षी मोजून यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची, एवढेच काम असते. तिथे साळुंकी आणि होल्यालाही दुर्मीळ पक्ष्याइतकाच मान असतो, ही गोष्ट मला फार आवडते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेकडून थिरथिरा आला, की त्याचा पहिला फोटो मी मुद्दाम १/६० सेकंदावर काढते. पक्षी स्पष्ट येतो आणि सतत थरथरणारी तांबूस शेपटी धूसर, म्हणजे नावाप्रमाणे बरोबर.

या वर्षी मार्चमध्ये शिंजिराच्या मादीने कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला घरटे बांधायला घेतले. पाच आठवडे आमचे कपडे गच्चीवर वाळत होते, आणि ओसरीचा तो कोपरा चुलत सासऱ्यांनाही ओलांडू दिला नाही. कॅमेरा मी कपाटात ठेवला. पिल्ले कधी उडाली ते मला नेमके सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी मी बँकेत होते. घरटे रिकामे झाल्यावर आणखी आठवडाभर थांबले आणि मग तिपाई लावून, एफ/११ वर, १/१५ सेकंदाचा एकच फोटो काढला. समोरचे काही हलणार नाही, अशी खात्री सहा वर्षांत पहिल्यांदाच होती. कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेले सालीचे तुकडे, अळ्यांच्या विष्ठेचे काळे दाणे, वाळक्या पाकळ्या, माझ्या निळ्या ओढणीचा एक दोरा आणि दारातून डोकावणारे आतले पांढरेशुभ्र मऊ अस्तर. सासूबाईंनी लक्षवातींचा, म्हणजे लाखभर वातींचा, संकल्प केला आहे आणि रोज दुपारी त्या ओसरीवर ताटलीत कापूस घेऊन वाती वळतात. त्यांनी चष्मा पुसून तो फोटो बराच वेळ पाहिला, आतल्या कापसावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "तरीच मेला माझा हिशेब रोज चुकत होता."