चौथा पाय म्हणजे माणसाचा हात

रविवार, रात्री

दिवसभर पाऊस. पलंगाखालची, मी जमवलेल्या अजब, अशक्य चित्रांची ट्रंक बाहेर काढली. ही तिला 'भुतांचा दवाखाना' म्हणते. जुन्या कॅलेंडरांची पानं, पोस्टकार्डं, रद्दीतल्या मासिकांतून कापलेली चित्रं, प्रिंटआउट. क्रम कसलाच नाही. जुन्या डच चित्रकार बॉशचे पक्षीमुखी राक्षस आणि सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, एकाच पिशवीत नांदतात.

वरच इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दोचा 'शरद' होता, फळाफुलांनी रचलेला माणसाचा चेहरा. १५७३ सालचा, मूळ चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये. नाकाच्या जागी पेर, केसांच्या जागी द्राक्षांचे घड, धड म्हणजे लाकडी पिंप. नाशकात याला कोण दचकणार! दिंडोरीला बाग असलेल्या मेव्हण्याने तर नाकडोळे सोडून आधी घडच निरखले. म्हणाला, "विरळणी नीट झालेली नाही."

स्पॅनिश चित्रकार दालीची वितळणारी घड्याळं (१९३१) मूळ आकारात जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर, भिंतीवरच्या कॅलेंडरापेक्षा लहान. घड्याळं सगळ्यांच्या लक्षात राहतात, मला मागचे कडे आवडतात. ते त्याच्या कॅटलोनियातल्या किनाऱ्यावरचे, खरेखुरे. कडे इतके इमानाने काढलेत म्हणून घड्याळही खरं वाटतं. बेल्जियन चित्रकार मॅग्रितचं तेच. चेहऱ्यासमोर हिरवं सफरचंद तरंगतंय, पण कोट, टाय, मागचा कठडा कसा साधा, नीटस. वॉलपेपर आणि जाहिरातींची कामं केलेला हात आहे तो. हल्ली फोनवर यंत्राने बनवलेली चित्रं येतात, त्यात मासा, शिडी, चंद्र, जळता पियानो सगळं एकदम. पाय टेकायला जागाच नाही. ती मी ट्रंकेत घेत नाही.

मग नवगुंजर सापडला, नऊ प्राण्यांचा मिळून झालेला एक प्राणी; ओडिशाचं पट्टचित्र, म्हणजे कापडावरचं पारंपरिक चित्र. माझ्या लेखी अख्ख्या ट्रंकेत हाच पहिला. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीचा साप. पाय हत्तीचा, वाघाचा, घोड्याचा. आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, हातात कमळ. कवी सारळा दासांच्या ओडिया महाभारतात अर्जुन या प्राण्यावर धनुष्य रोखतो, तेवढ्यात त्याला तो हात दिसतो. असा प्राणी जगात असूच शकत नाही, म्हणजे हा श्रीकृष्ण, हे ओळखून तो धनुष्य खाली ठेवतो. मी कितीही वेळा पाहिलं तरी नजर आधी त्या हातावरच जाते. चित्रकाराने तो अगदी निवांत काढलाय, जणू फूल देऊन चहाला बसणार.

या अजब चित्रांच्या यादीत आपली नाशकाची पांडवलेणीही येतात, पण ती ट्रंकेत मावत नाहीत. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दान दिलेल्या तीन नंबरच्या लेण्याखाली सहा यक्ष जमिनीतून अर्धे वर आलेत, खांद्यांवर तुळया घेऊन. डोंगर उचलायचं काम आणि दिसतात कसे, तर हमालीवर आलेल्या माणसांसारखे. सर्रिॲलिझमचा, म्हणजे दाली-मॅग्रितच्या स्वप्नासारख्या चित्रांच्या चळवळीचा, जाहीरनामा पॅरिसात निघाला १९२४ साली; हे लोक दुसऱ्या शतकापासून कामावर आहेत.

नवगुंजर फ्रेम करायचा ठरवलंय. संध्याकाळी पाऊस उघडल्यावर रविवार कारंज्याजवळच्या फ्रेमवाल्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "देवाचा आहे की शोभेचा? देवाचा असेल तर सोनेरी पट्टी लावतो." देवाचाच, म्हटलं. पण घरी आल्यावर ही म्हणाली, देवघरात नाही, हॉलमध्ये तर नाहीच नाही. राहता राहिला जिना. तिथे ओल येते, त्यामुळे मागून प्लायवूड लावायला उद्या फोन करून सांगायचंय.