सिक्स-थ्री, रुळांखाली

कॅलिफोर्नियाच्या पुराव्याच्या कायद्यात १ जानेवारी २०२३पासून ३५२.२ हे नवं कलम आलं. आरोपीनं लिहिलेलं गाणं, कविता किंवा गोष्ट सरकारी वकिलाला पुरावा म्हणून वापरायची असेल, तर न्यायाधीशांनी आधी ज्युरीच्या माघारी त्यावर सुनावणी घ्यायची. गाणं गुन्ह्याच्या आसपासच्या काळातलं आहे का, गुन्ह्याशी त्याचं पुरेसं साम्य आहे का, बाहेर कुणाला माहीत नसलेला एखादा तपशील त्यात आहे का, हे तपासायचं. यातलं काहीच नसेल तर पुरावा म्हणून त्या गाण्याचं मोल नाममात्र धरायचं. कलम सगळ्याच कलांना लागू होतं, पण ते आलं रॅपमुळे. गाण्यातला 'मी' म्हणजे आरोपीच, असं धरून कोर्टांमध्ये वर्षानुवर्षं खटले चालले, त्यातून ते आलं.

मी सेंट्रल व्हॅलीतल्या एका काउंटीत पब्लिक डिफेंडर आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची बाजू मांडायची, पगार काउंटी देते. पुण्यात एलएलबी केलं, इथे येऊन एलएलएम आणि मग बारची परीक्षा. या कलमाखाली मी लढवलेल्या एका सुनावणीचा दिवस मला लिहून ठेवायचा आहे. अशील ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा विशीतला, कृष्णवर्णीय, आजीजवळ वाढलेला. आरोप असा की रात्री चालत्या गाडीतून एका अपार्टमेंटच्या फाटकावर त्यानं गोळ्या झाडल्या. एकाच्या मांडीला गोळी लागली, तो वाचला. कॅमेऱ्यातलं चित्र धूसर होतं आणि ओळखणारा साक्षीदार डळमळीत होता. अशी केस असली की पोलीस फोनकडे वळतात. फोनच्या नोट्समध्ये गाण्यांच्या ओळी सापडल्या. त्यातल्या एका कडव्यात गाडीची काच खाली होते, तीस गोळ्यांचं मॅगझिन रिकामं होतं, आणि हे सगळं घडतं 'सिक्स-थ्री'ला, रुळांखाली. अपार्टमेंटच्या फाटकावर आकडा होता ६३०. डिटेक्टिव्हच्या अहवालात लिहिलं होतं की ही कबुली आहे.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मी त्याला ते कडवं वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, "ते शिकागो आहे, मिस. सिक्स-थ्री म्हणजे सिक्स्टी-थर्ड स्ट्रीट. सगळ्यांना माहीत आहे."

"तू गेला आहेस शिकागोला?"

तो कधी सॅक्रामेंटोच्या पलीकडेही गेला नव्हता. मी वहीत लिहून घेऊ लागले, तसा त्याचा चेहरा बदलला. "हे तुम्ही कोर्टात सांगणार? सगळ्यांसमोर?"

हिपहॉप जवळून माहीत नसलेल्याला हा प्रश्न वेडेपणाचा वाटेल. वर्षानुवर्षं कैद होण्याची टांगती तलवार डोक्यावर आहे आणि याला काळजी कसली, तर लोक काय म्हणतील याची. पण या संगीतात आपण कुठले आणि जे गातो ते जगलो का, याच्यावर माणसाची पत ठरते. ३ ऑगस्ट १९९५ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'द सोर्स' मासिकाचे पुरस्कार झाले, तेव्हा अटलांटाच्या आउटकास्टला नवोदित गटाचा पुरस्कार मिळाला आणि सभागृहानं हुर्यो उडवली. न्यूयॉर्कला लॉस एंजेलिसशी भांडायचं होतं, दक्षिणेकडच्यांना तर ते मोजायलाच तयार नव्हते. दक्षिणेलाही काही सांगायचंय, असं आउटकास्टमधला आंद्रे त्या गोंगाटात माइकवर म्हणाला. पुढच्या दोन वर्षांत पश्चिमेकडचा रॅपर टुपॅक लास वेगासमध्ये आणि न्यूयॉर्कचा रॅपर बिगी लॉस एंजेलिसमध्ये गोळ्यांना बळी पडले. फ्लोरिडाचा रिक रॉस ड्रग्जच्या साम्राज्याची गाणी गायचा. तो पूर्वी तुरुंगात पहारेकरी होता हे २००८ साली बाहेर आलं. त्यानं आधी चक्क नाकारलं. एरवी कुणीही अभिमानानं सांगावी अशी सरळ सरकारी नोकरी, पण त्याच्या जगात तो कलंक होता.

माझ्या अशिलाचं जग याहून फार लहान, पण नियम तेच. त्याला खोटा ठरवणं हा माझा बचाव होता आणि खोटा ठरणं ही त्याला सगळ्यात मोठी नामुष्की वाटत होती. वकील म्हणून माझं काम स्पष्ट होतं. तरी त्याची भीती मी हसण्यावारी नेली नाही. ज्या गल्लीत तो सुटून परत जाणार होता तिथे मला राहायचं नव्हतं.

सुनावणीच्या सकाळी पहिल्यांदा डिटेक्टिव्ह साक्षीला उभा राहिला. वीस वर्षं गँग युनिटमध्ये काढलेला, शांत माणूस. उलटतपासणीत मी शहराचा नकाशा पडद्यावर लावला आणि विचारलं, फाटकापासून रूळ कुठे आहेत? अर्ध्या मैलावर, तो म्हणाला. जमिनीवर की पुलावर? जमिनीवर. मग त्यांच्या खाली कसं जायचं? त्यानं हायवेजवळच्या भुयारी रस्त्याचं नाव घेतलं. तो फाटकापासून तीन मैलांवर आहे, हे मी नकाशावर मोजून दाखवलं. त्या भागात कधी गोळीबार झाल्याची तक्रार आहे का? नव्हती. कडव्यातल्या 'रुळांखाली'चा अर्थ अहवालात का लिहिला नाही, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आकडा जुळला, तेवढा घेतला. बाकीची ओळ सोडून दिली.

मग आमचे तज्ज्ञ आले. एका कॉलेजात हिपहॉपचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक, जन्म आणि बालपण शिकागोच्या साउथ साइडचं. त्यांनी सिक्स्टी-थर्ड स्ट्रीटचा फोटो दाखवला. रस्त्यात लोखंडी खांबांच्या रांगा, वर ग्रीन लाइन या शहरी रेल्वेचे रूळ, आणि त्या रुळांमधून खाली डांबरावर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्या. न्यायाधीश पुढे झुकून तो फोटो बराच वेळ बघत होते.

ते कडवं रॅपच्या ज्या प्रकारातलं होतं, त्या ड्रिलची कुळकथा प्राध्यापकांनी सांगितली. २०१० नंतर साउथ साइडच्या पोरांनी हा प्रकार घडवला. २०१२ला सतरा वर्षांच्याही आतला रॅपर चीफ कीफ घरात नजरकैदेत असताना देशभर पोचला. रस्त्यांचे आकडे, मेलेल्या मित्रांची नावं, समोरच्या टोळीला डिवचणं, तीसचं मॅगझिन, खाली होणारी काच: हे सगळं त्या प्रकाराचं ठरलेलं सामान. तिथून ते लंडनला गेलं, तिथल्या पोरांनी त्याचा ठेका बदलला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पोरांनी तो उचलला, आणि तिथल्या पॉप स्मोकनं लंडनच्या ८०८मेलोनं बनवलेल्या बीटवर, म्हणजे गाण्यामागच्या तयार संगीतावर, गाऊन २०१९ला ते सगळीकडे पोचवलं. आज कुठल्याही गावातला मुलगा इंटरनेटवरून 'शिकागो ड्रिल' अशा नावानं विकला जाणारा बीट घेतो आणि बीटबरोबर त्याचा शब्दसंग्रहही येतो. माझ्या अशिलाच्या फोनमध्ये त्या बीटची पावतीसुद्धा होती, कडवं लिहिल्याच्या दोन दिवस आधीची. आणि कडवं मुळात लिहिलं होतं गोळीबाराच्या पाच आठवडे आधी. पण नोट शेवटची उघडून बदलली गेली होती ती घटनेनंतर, आणि सरकारी वकिलांचा सगळा भर तिथे होता.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता. हे कलाकार स्वतःच छातीठोकपणे सांगतात की आम्ही जगलो तेच गातो. मग कोर्टानं त्यांच्यावर विश्वास का ठेवू नये? काही महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०२३मध्ये, अटलांटात रॅपर यंग थगच्या खटल्यात न्यायाधीशांनी गाण्यांच्या ओळी पुराव्यात येऊ दिल्या होत्या, तो दाखलाही त्यांनी दिला. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात ३५२.२ नाही, हे मी सांगितलं. पण विश्वासाच्या मुद्द्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं.

आपल्याकडे होनाजी बाळा, राम जोशी यांनी बाईच्या तोंडी लावण्या रचल्या आणि त्यातल्या 'मी'वरून शाहिराचं चरित्र काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बॉब मार्लीचं उदाहरण देऊन हेच म्हटलं: शेरीफला गोळी घातल्याचं गाणं लिहिलं म्हणून त्यानं खरंच घातली, असं कुणी धरत नाही. पण रॅपमधला 'मी' आग्रहानं सांगतो की हे खरं आहे, आणि तिथेच न्यायालयं फसतात. खरेपणाचा तो दावा हाच या कलेचा नियम आहे. न केलेलं केलं म्हणून गायचं, तर ते केल्यासारखंच गायला लागतं.

मी प्राध्यापकांना विचारायला उठले, की स्वतः न पाहिलेल्या जागेबद्दल, न जगलेल्या आयुष्याबद्दल या प्रकारात लिहिलं जातं का. प्रश्न पुरा व्हायच्या आत बचावाच्या टेबलावरून आवाज आला.

"मी फेक नाही."

बेलिफ पुढे आला. मागच्या बाकांवर त्याची आजी आणि तीन-चार मित्र बसले होते, त्यातला एक खाली मान घालून हसत होता. न्यायाधीशांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

कोठडीत तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. "संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल," एवढंच म्हणाला. मी त्याला सांगितलं की माझ्या तोंडून तो शब्द येणार नाही. नोट्समधली बाकीची पानं आणि गोळीबाराच्या कडव्याचा आगापीछा, सगळं पुढे ठेवू दे, एवढी परवानगी मात्र दे. बराच वेळ त्यानं उत्तर दिलं नाही. मग मान हलवली.

परत आल्यावर मी प्रश्न बदलला. कुठल्या गावाचा आवाज कोण काढतो, याचा हिपहॉपमध्ये काही इतिहास आहे का? प्राध्यापक जणू याचीच वाट बघत होते. पश्चिम किनाऱ्याचा झेंडा खांद्यावर घेतलेला टुपॅक जन्मला न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक शिकला आणि कॅलिफोर्नियात आला तो वयाच्या सतराव्या वर्षी. हिपहॉप न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागाचंच, क्वीन्सब्रिजचं नाही, हे १९८०च्या दशकात ठणकावणारा रॅपर केआरएस-वन मूळचा ब्रुकलिनचा. आणि ११ ऑगस्ट १९७३च्या ज्या पार्टीपासून ब्राँक्स आपला इतिहास मोजतं, तिथे तबकड्या फिरवणारा कूल हर्क जमैकाहून आलेला. "जागा सांगणं म्हणजे जन्मदाखला दाखवणं नसतं," ते म्हणाले. "कुणाच्या रांगेत उभं राहायचं हे सांगणं असतं."

मग मी त्यांना त्याच नोटमधलं दुसरं कडवं वाचायला दिलं. सरकारी वकिलांनी ते जोडलंच नव्हतं. त्यात हायवे ९९ होता, ऑगस्टमधले टोमॅटोचे ट्रक, वळणावर सांडून चिरडलेल्या टोमॅटोंनी लाल झालेला रस्ता, आणि पॅकिंग शेडमधून पहाटे परतणारी आजी. घटनेनंतर नोट उघडली गेली होती ती या कडव्यासाठी. फोनच्या तपासणीत बदललेल्या ओळी याच होत्या, हे आमच्या तंत्रज्ञानं दाखवलं. प्राध्यापकांनी ते मोठ्यानं, ठेका धरून वाचलं. न्यायाधीश याच खोऱ्यात शेतकऱ्याच्या घरी वाढलेले. त्यांनी मध्येच थांबवून एक ओळ परत वाचायला लावली.

सामाजिक अभ्यासांचा भाग लवकर आटोपला. १९९०च्या दशकात कॅरी फ्रीड यांनी एका जुन्या लोकगीताच्या ओळी लोकांना वाचायला दिल्या. ज्यांना ते रॅप आहे असं सांगितलं त्यांना त्या जास्त धोकादायक वाटल्या, ज्यांना कंट्री सांगितलं त्यांना कमी. न्यायाधीशांनी तो अभ्यास आधीच वाचून ठेवला होता.

निकाल त्यांनी तिथेच, कारणांसह नोंदवला. कलमाची तशी अटच आहे. गोळीबाराचं कडवं घटनेच्या आधीचं, त्यातला एकमेव ठोस तपशील या शहरात बसत नाही, बाकीचं त्या गाण्यांचं प्रचलित सामान. ज्युरीपुढे येणार नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी प्राध्यापकांचे आभार मानले, तर त्यांचा चेहरा ओढलेला. "त्या रुळांखाली माझ्या वर्गातली दोन मुलं मेली," ते म्हणाले. "कुठल्या कुठल्या गावची पोरं तो आकडा उचलतात तेव्हा मला राग येतो, आणि तो मला येणारच. फक्त त्यासाठी कुणी तुरुंगात जाऊ नये." कोर्टात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही, पण त्यांच्या साक्षीला जो जोर होता तो कुठून आला हे मला तेव्हा कळलं.

पुढे खटला ओळखीच्या पुराव्यावर उभा राहिला आणि गोळीबाराच्या आरोपातून ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. खोलीत सापडलेल्या बेकायदा पिस्तुलाबद्दल दोषी धरलं; ती शिक्षा त्यानं आत काढलेल्या दिवसांत भागली. मित्रांत काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलं नाही. तो भाग सोपा गेला असेल असं मी समजत नाही.

सुटल्यावर काही आठवड्यांनी तो कागदपत्रं न्यायला ऑफिसात आला आणि प्राध्यापकांच्या साक्षीची लेखी प्रत मागितली. सगळी नको, टोमॅटोच्या कडव्याची पानं तेवढी. मी ती काढून दिली. त्यानं उभ्या उभ्याच वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे त्यांनी चुकीचं म्हटलंय. इथे श्वास घ्यायचा नाही, पुढच्या ओळीत घुसायचं." आणि रिसेप्शनवर माणसं बसलेली असताना, टेबलावर बोटांनी ठेका धरून त्यानं ते कडवं मला म्हणून दाखवलं.