खाच कशासाठी, एवढंच विचारलं होतं

रविवार, रात्री उशिरा

आमच्या सुऱ्यांच्या ग्रुपवर आलेला प्रश्न एका ओळीचा होता. मुठीजवळ, धार जिथे सुरू होते तिथे, सुरीच्या पात्याला अर्धगोल खाच का ठेवतात? सोबत फोटो, चांगल्या उजेडात काढलेला. पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं: "आधी जरा वाचून ये." मग खाच हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे यांची जुंपली ती संध्याकाळपर्यंत. ग्रुपमधले नाना दोन्हीकडून बोलले. खाच करते काय, हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. विचारणारा दुपारीच कधीतरी निघून गेला.

"आधी जरा वाचून ये." शिवी नव्हती, म्हणून कुणी अडवलं नाही. अनोळखी माणसाला "या"सुद्धा नाही, "ये".

आणि वाचून काय येणार होता तो? ही गोष्ट धार लावायच्या दगडावर हात फिरवल्याशिवाय कळत नाही. धार मुठीपर्यंत जात नाही. मध्ये पूर्ण जाडीचा, सपाट तुकडा असतो. साडेतीन मिलिमीटरचं पातं उतरत उतरत धारेच्या लगेच मागे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतं, आणि तो उतार मुठीकडे जिथे संपतो तिथे पायरी तयार होते. धार लावताना दगडाची कड त्या पायरीला अडते. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर दगडाला लागतच नाहीत. सुरुवातीला काही जाणवत नाही. पुढे बाकीची धार झिजून मागे सरकते, तो तुकडा मात्र जागचा हलत नाही आणि हनुवटीसारखा उंचवटा होऊन बसतो. त्याला चुकवून दगड फिरवायला लागलं की उंचवट्याच्या पुढे खळगा पडतो, आणि मग सपाट दगडावर ती धार कधीच सलग लागत नाही. दगड न लागणारा तो तुकडा खाच आधीच कापून टाकते. धारेला नेमकं टोक मिळतं आणि दगड तिथून मोकळा बाहेर निघतो. यासाठी दोन-तीन मिलिमीटर त्रिज्या पुष्कळ झाली.

दिवसभराचं भांडण आत्ता पुन्हा वाचलं, आणि जास्तच वाईट वाटलं. भांडण या खाचेबद्दल नव्हतंच. नको म्हणणारे बोलत होते बोटाच्या खाचेबद्दल, तर्जनी आत बसेल अशी, वीसेक मिलिमीटरची. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शंभर मिलिमीटरच्या पात्यातली वीस मिलिमीटर धार तिथे जाते, आणि जाते ती मुठीला लागून असलेली, जिथे लाकूड तासताना हाताचा जोर सगळ्यात जास्त मिळतो. फिनलंडच्या पुक्कोची धार जवळजवळ मुठीपासूनच सुरू होते ती याचसाठी. लाकूडकामाच्या माणसांची सुरी आहे ती. उलट बाजूही खरी आहे. जाडजूड पात्याने बारीक काम करायचं असेल तर बोट पुढे सरकवायला ती जागा उपयोगी पडते. पण फोटोतली खाच ज्वारीच्या दाण्याएवढी होती! बोट कुठे बसणार त्यात? फोटो कुणी पाहिलाच नाही. दिवसभर सगळे दुसऱ्याच खाचेवरून एकमेकांना मूर्ख म्हणत होते.

रक्त ओघळायला खाच असते, असंही एकाने ठोकून दिलं. नेपाळच्या खुकरीच्या खाचेबद्दलही रक्त, गाईचं खूर, त्रिशूळ अशी कितीतरी कारणं सांगतात. ती सांगायला सगळ्यांकडे वेळ असतो.

दगडांवर इतकी वर्षं घालवली, आणि जे कळलं ते विचारायला आलेला माणूस दारातूनच परत गेला. कुणासाठी साठवायचं हे सगळं?

चार शब्द पुन्हा आठवतात. हा प्रश्न दर महिन्याला येतो, मान्य. विचारणाऱ्यांनी तो पहिल्यांदाच विचारला होता.

स्वयंपाकघरातल्या एका उदाहरणावर सगळं उलगडलं असतं. जर्मन घडणीच्या जुन्या शेफ सुऱ्यांना मुठीपुढे पोलादाचा जाड ठोकळा असतो, थेट धारेच्या टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या टोकापर्यंत, उतरलेला. धारवाला चाकावर धरतो तेव्हा पातं झिजतं, ठोकळा तसाच राहतो. काही वर्षांनी टाच पाटाला टेकते आणि तिच्या पुढची धार अधांतरी. कांद्याची पात चिरा, तळाशी जोडलेलीच राहते, माळेसारखी उचलली जाते. लोक म्हणतात सुरी बोथट झाली. सुरीला धार असते, ती पाटापर्यंत पोचत नसते. ठोकळा खालून घासून कमी करणं हाच उपाय. म्हणून आता पुष्कळ सुऱ्यांचा ठोकळा अर्ध्यावरच थांबवतात.

खाच नको म्हणणाऱ्यांकडे या लहान खाचेविरुद्धही दोन खरी कारणं होती, ती त्यांनी मांडलीच नाहीत. दोरी ओढून कापताना खाचेत अडकते. आणि खाचेचा तळ टोकदार राहिला तर ताण तिथेच एकवटतो. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करताना, तडा तिथूनच जातो. म्हणून चेन-सॉची चार मिलिमीटरची गोल कानस घ्यावी, कानशीचे ओरखडे पॉलिश पेपरने पाणी देण्याआधीच घालवावेत. पाणी दिलेल्या पात्यात नंतर खाच पाडायची तर साधी कानस घसरते. हिऱ्याची कानस लागते, हळू, पाण्याखाली. मशीन वापरलं आणि पोलादावर निळा रंग चढला, की तेवढ्या जागेचं पाणी उतरलंच.

सगळ्यात नेहमीची चूक वेगळीच. खाच पायरीच्या मागे, मुठीकडे पाडतात. दिसते छान, पण जाड तुकडा खाच आणि धार यांच्यामध्ये तसाच राहतो. फोटो मोठा करून पाहिला. खाचेच्या पुढे साधारण मिलिमीटरभर जाड पट्टी दिसते आहे. म्हणजे त्यांना बहुतेक धार लावताना काहीतरी अडलं होतं, म्हणूनच विचारलं. कुतूहल म्हणून नव्हे.

राग आता तेवढा राहिला नाही. थकलेली माणसं तुसडं बोलतात, आणि मी तर एक शब्दही बोलले नव्हते.

त्यांच्यासाठी लिहून ठेवलं आहे:

"नमस्कार. तुमचा प्रश्न बरोबर होता. काळ्या मार्करने धारेचा उतार दोन्ही बाजूंनी खाचेपर्यंत रंगवा. हजार नंबरच्या दगडावर, नेहमीच्या कोनात, प्रत्येक बाजूला चार-पाच हात फिरवा, जोर न देता. शाई खाचेपर्यंत पुसली गेली तर खाच तिचं काम करते आहे. खाचेजवळ पट्टी उरली तर खाच मागे पडली आहे. ती पुढच्या बाजूने मिलिमीटरभर वाढवावी लागेल. आत्ता कानस लावू नका, आधी शाईचा फोटो पाठवा."

नंबर आहे. सकाळी पाठवते. नानांना आधी विचारणार नाही.