दोन हजार तासांचा हिशेब

नागपुरात सहा वर्षं मी ‘व्यसनमुक्तीचं काम’ करत होते. घरी, शाळेत, वस्तीत, सगळीकडे हाच शब्द. लग्नानंतर अमेरिकेत आले, प्रिव्हेन्शन स्पेशालिस्टच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरायला घेतला आणि पहिल्याच पानावर तो शब्द अपुरा पडला. लागलेल्या व्यसनातून माणसाला बाहेर काढणं हा उपचार. व्यसन लागूच नये म्हणून जे करतो ते प्रतिबंध. इथे फक्त प्रतिबंधाचे तास धरणार होते.

व्यसनविषयक कामाच्या प्रमाणपत्रांचे निकष ठरवणाऱ्या आयसी अँड आरसी या संस्थेची किमान अट अशी: प्रतिबंधाच्या कामाचे २००० तास, प्रशिक्षणाचे १२० तास (त्यात २४ दारू, तंबाखू आणि इतर अमली पदार्थांवर, ६ व्यावसायिक नीतीवर), वरिष्ठांच्या देखरेखीखालचे १२० तास आणि शेवटी १५० प्रश्नांची परीक्षा. अर्ज करणार असाल तर देखरेखीच्या तासांची अट दोनदा वाचा. कामाची सहा क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकात देखरेखीखालचे किमान १० तास लागतात. मी तिथेच अडकले.

प्रशिक्षण ऑनलाइन झालं. नागपूरचे तास इथलं प्रमाणपत्र देणारं मंडळ धरायला तयार होतं, पण वरिष्ठांची सही आणि नोंदी हव्या होत्या. म्हणून भर मे महिन्यात नागपूर गाठलं.

मेडिकल चौकाजवळच्या ऑफिसात ताईंनी, म्हणजे माझ्या तिथल्या वरिष्ठांनी, कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या. कूलरच्या वाऱ्याने पानं उडायची, म्हणून त्यांच्यावर स्टीलचे ग्लास ठेवले. तीन दिवस आम्ही एकेक तारीख वाचत होतो. एकाला केंद्रात भरती केलं: उपचार. त्याच्या बायकोला महिनाभर भेटत राहिलो: तेही बहुतेक उपचारातच. आठवीच्या वर्गात नकार कसा द्यायचा याचा सराव, सात सत्रं: प्रतिबंध. यादी भराभर लहान होत गेली.

शाळांमधल्या व्याख्यानांच्या नोंदी आल्या तेव्हा मला वाचवेना. आम्ही मुलांना तोंडाच्या कर्करोगाचे फोटो दाखवायचो, व्यसनातून बाहेर आलेल्या एखाद्याला बोलवून त्याची कहाणी ऐकवायचो. वर्ग चिडीचूप व्हायचा आणि आम्हाला वाटायचं, परिणाम झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाची प्रतिबंधाची मानकं २०१३ साली आली. त्यांत साफ लिहिलंय की नुसती माहिती देणं, भीती घालणं, आधी व्यसनी असलेल्यांच्या कहाण्या ऐकवणं यांचा उपयोग होत नाही, कधी उलटाच परिणाम होतो. हे प्रशिक्षणात वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. कितीतरी वर्गांसमोर मी तेच केलं होतं.

ज्या कामाला आम्ही किरकोळ समजत होतो, ते मात्र पूर्ण धरलं गेलं. एका शाळेसमोर खर्ऱ्याचा ठेला होता. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून द्यायचे. सातवीतल्या एका मुलाचं तोंड नीट उघडत नव्हतं. तीन बोटं उभी आत जायला हवीत, त्याची दोनच जात होती. त्याची आई म्हणाली, “मॅडम, मले वाटे थो सुपारीच खाते.” त्याला डेंटल कॉलेजला पाठवलं. पण त्यानंतरचे चार महिने ठेला हलवण्यात गेले. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना, नगरसेवकांना, ठाण्यात पुन्हा पुन्हा सांगत फिरलो. ठेला हलला. ताईंच्या डायरीत त्या प्रत्येक फेरीची नोंद होती आणि सहापैकी ‘धोरण आणि परिसर बदल’ हे अख्खं क्षेत्र त्यातूनच भरलं.

‘नियोजन आणि मूल्यमापन’ या क्षेत्रात चारच तास निघाले. सत्रानंतर मुलांना टाळ्या वाजवताना पाहिलं, एवढंच आम्ही लिहून ठेवलं होतं. सत्राआधी काय होतं आणि नंतर काय बदललं हे कधी मोजलंच नव्हतं. मी ताईंना म्हटलं, दहा लिहिता येतील का? त्यांनी पेन खाली ठेवलं. “अगं, नीतीचे सहा तास शिकून आलीस ना? झाले तेवढेच लिहीन.” मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

ताईंकडे येण्याआधी दुसऱ्या एका संस्थेत मी आठ महिने काम केलं होतं. तिथे जुनी रजिस्टरं रद्दीत गेल्याचं कळलं. ते तास बुडाले, त्यावर उपाय नाही.

उरलेले सहा तास परत आल्यावर इथल्या एका गटात, इथल्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्ण केले. तिथे पहिल्यांदा प्रश्नावली तयार केली, सत्राआधी आणि सत्रानंतर भरून घेतली. पाच महिने जास्त लागले. परीक्षा संगणकावर, तीन तासांची. २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ५०० ला उत्तीर्ण. मूल्यमापनाच्या प्रश्नांची मला सगळ्यात धास्ती होती, आणि तेच सोपे गेले.

दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी ४० तासांचं प्रशिक्षण लागतं, म्हणून मी आता रोजची नोंद रोज लिहिते. क्षेत्र कोणतं, किती वेळ, सोबत कोण. हाच तक्ता ताईंना पाठवला. गेल्या आठवड्यात त्यांनी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. डाव्या बाजूला हाताने आखलेला नवा रकाना होता, वर निळ्या शाईत लिहिलेलं: ‘आधी / नंतर’.