टेडची बाजू

काल रात्री धाकटीने ‘द बिग व्हाइट’ हा सिनेमा लावला, 2005 चा, रॉबिन विल्यम्सचा. संपल्यावर सहज म्हणाली, “बाबा, त्या टेडला दुसऱ्याचं सुखच बघवत नाही.” सगळे हसले. मला रात्रभर ते वाक्य सोडेना.

अलास्कातला पॉल कर्जात बुडालेला. भाऊ पाच वर्षं बेपत्ता, आणि सात झाल्याशिवाय विम्याची रक्कम मिळणार नाही. मग कचऱ्यात सापडलेलं कुणाचं तरी प्रेत तो भावाचं म्हणून दाखवतो. घरी बायको आजारी, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. क्लेम तपासणारा टेड तेवढा वाईट. का? फाईल मिटवत नाही म्हणून? विम्यातल्या उभ्या नोकरीत मी तेच केलं. घरी पोहोचायचो तेव्हा ही पोर झोपलेली असायची. असो.

बेपत्ता माणसाला मृत धरायला सात वर्षांची अट आपल्याकडेही आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108 होतं, 1 जुलै 2024 पासून साक्ष्य अधिनियमाचं 111. निफाडकडच्या एक बाई आठवतात. नवरा निघून गेलेला. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत विम्याचे हप्ते चुकवू नका, हे त्यांना मीच सांगितलं होतं. हप्ता भरायचा तर तो आहे असं धरायचं, रक्कम मागायची तर नाही असं सिद्ध करायचं. टेबलापाशी पदराखालून पैसे काढताना त्यांच्या मनात काय असेल? रक्कम, की माणूस?

पॉलही मला एका कारणात बसत नाही. बायकोवर जीव आहे, खरंच आहे. पण कर्ज आहे, आणि पुढे जिवंत परतून वाटा मागणारा तो भाऊ पाहिला की जुना रागही असणार असं वाटतं. मग टेडलाच एक कारण का? बढती हवी असेल त्याला. पण कागदात एक गोष्ट जुळत नाही असं दिसलं की माणसाला घास गोड लागत नाही, हे कोण समजून घेणार?

सकाळी सोमेश्वरला फिरताना जरा निवळलं. घरच्या माणसासाठी खोटं बोलणारा लोकांना जवळचा वाटणारच. मलाही वाटला. आणि धाकटी बोलली ती टेडबद्दल, माझ्याबद्दल नव्हे.

रविवारी तिला त्या बाईंचं सांगणार आहे, नाव न घेता. त्यांना नक्की काय हवं होतं, असं ती विचारेलच, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नाही.