तुमदाक शिकतोय, आधी पाय मग हात

बँकेची बदली झारखंडमधल्या दुमक्याला झाली आणि इथे आल्यावर संथाळ आदिवासींचा तुमदाक हा ढोल ऐकला, तेव्हापासून डोक्यात बसलाय. काहीजण मादलच म्हणतात त्याला. खोड भाजलेल्या मातीचं, दोन्ही तोंडांना कातडं, वर चामड्याच्या पट्ट्यांची आवळलेली वीण. डावं तोंड मोठं, त्यातून घुमारा येतो, उजवं लहान आणि कडक. पट्टा गळ्यात अडकवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा, काठी वगैरे काही नाही.

जवळच्याच गावातले एक दादा शिकवायला तयार झाले. पहिले कितीतरी दिवस त्यांनी वाद्याला हातच लावू दिला नाही, म्हणाले "बाबू, पहले नाचो." मला तबल्याची थोडी सवय होती, बोटं चालायची, पण ती बसून केलेली सवय. इथे बायका हातात हात गुंफून ओळीत नाचतात आणि वाजवणारे त्यांच्या समोर पुढेमागे सरकत असतात, म्हणजे ताल मोजायचा तो पायात. आपल्याकडे दिंडीत पखवाजवाला चालता चालता वाजवतो ना, साधारण तसंच, फक्त इथे वाकायचं, गिरकी घ्यायची आणि समोरची ओळ कुठे वळतेय तेही बघायचं. लागडे या संथाळ नाचाची चाल पायात बसल्यावरच गळ्यात पट्टा आला, आणि मग खरं कळलं की मातीचं खोड किती जड असतं, मान आणि खांदे पार कामातून गेले.

पावसाळ्यात कातडं सैल पडतं, आवाज बद्द येतो, मग उन्हात ठेवा किंवा जरा शेक द्या. आपटलं तर संपलं, माती ती. त्यामुळे हल्ली लाकडी किंवा पत्र्याच्या खोडाचेही दिसतात, मला नाही आवडत, पण रोज उचलून नेणाऱ्याला कोण काय बोलणार!

जानेवारीत सोहराय हा संथाळांचा सण आला (बाकी बऱ्याच भागांत तो दिवाळीच्या सुमाराला असतो, इथे संथाळ परगण्यात मात्र पौषात) तेव्हा गावच्या कुल्हीत, म्हणजे घरांमधल्या रस्त्यावर, मला मागच्या बाजूला उभं केलं. वाजवलं, दोनदा चाल सुटली, ओळीतल्या आज्या खो खो हसल्या आणि पुढे नाचत राहिल्या. पुढच्या महिन्यात मयूराक्षी नदीकाठी हिजला मेळा, तिथे मी फक्त ऐकणार.

तमाक, म्हणजे सोबतचा मोठा नगारा, अजून शिकायचं नाव काढलेलं नाही. तो काठ्यांनी बडवतात आणि क्वार्टरमध्ये रियाज केला तर शेजारी खाती बंद करायला रांग लावतील.