फेस येते म्हणून

आमच्या गावात नळ सकाळी सहाला सुटतो आणि सातला बंद होतो. सोडणारा मीच. ग्रामपंचायतीच्या कागदावर जलसुरक्षक, गावाच्या तोंडी नळवाला. व्हॉल्व्ह बंद केला तरी उतारावरच्या घरांत पाच-सात मिनिटं करंगळीएवढी धार चालूच राहते, लाइनीत उरलेलं पाणी खाली उतरतं ते. खालच्या ओळीतली एक आजी शेवटचा गुंड त्याच धारेवर भरते.

मागच्या श्रावणात, फवारणीच्या ऐन दिवसांत, आजीनं मला हाक मारली. "काय रे बाबू, पावडर जास्त टाकली काय? दुधावानी पाणी येऊन रायलं."

पांढरं पाणी दिसलं की पहिली शिवी ब्लिचिंग पावडरीला. नळीतल्या हवेनंही पाणी पांढरं दिसतं, पण ते ग्लासात धरलं की बुडापासून वर निवळत जातं. हे निवळेना. "वास पाय न," आजी म्हणाली. कपाशीच्या औषधाचा वास. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून हा वास कोणाला सांगावा लागत नाही. नशीब की आजीनं गुंड उचलला नव्हता.

मी लाइन धरून वर चढलो. टेकाडावरच्या शेवटच्या घरी बंडीवर दोनशे लिटरचा ड्रम, नळाला रबरी पाइप, पाइपाचं टोक ड्रमाच्या बुडाशी. घरचा कास्तकार ड्रमाला कुठं भोक पडलं ते चाचपत होता. "औषध टाकून चहा प्याले गेलो भाऊ, आन् ड्रम अर्धा!"

भोक कुठंच नव्हतं. आमची टाकी 12 मीटर उंच, म्हणजे नळ चालू असताना लाइनीत किलो-सव्वा किलो दाब. व्हॉल्व्ह बंद झाला की तो दाब जातो, पाणी उताराकडे धावतं आणि वरची लाइन ओढायला लागते. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल काढलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको: ड्रमातलं औषधाचं पाणी त्याच पाइपातून उलटं लाइनीत गेलं. त्यात खाली कोणी नळालाच पाणी ओढणारा छोटा टिल्लू पंप लावलेला. अशा वेळी वरच्या नळाच्या तोंडाला बोट लावून पहा, चिकटतं.

प्रशिक्षणात एका साहेबांनी शिकागोचं सांगितलं होतं. 1933 साली तिथल्या हॉटेलांत नळजोडण्यांच्या घोळामुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, आमांशानं 98 माणसं गेली. तेव्हा मला वाटलं, कुठलं शिकागो अन् कुठलं आपलं गाव! पण आमच्याकडे तर दिवसाचे तेवीस तास लाइन बिनदाबाची.

त्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून ओरडून सांगितलं, कोणी ते पाणी पिऊ नका, ढोरांनाही पाजू नका. वॉशआउट, म्हणजे लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह, उघडून लाइन धुतली, नमुना प्रयोगशाळेत धाडला, रिपोर्ट येईस्तोवर त्या ओळीला विहिरीचं पाणी दिलं. एक जण म्हणाला, पावडर वाढव ना. अरे, पावडर जंतू मारते, कीटकनाशक नाही. माझी ओटी टेस्ट तर पाण्यात क्लोरीन किती आहे एवढंच पिवळ्या रंगावर सांगते. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं की आम्ही पाणी चांगलं समजतो, पण विष त्यात दिसत नाही.

ग्रामसभेत प्रत्येक नळाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागं जाऊ न देणारी झडप, बसवायचं निघालं. बसवा, पण एक रेतीचा कण झडपेत अडकला की तो उघडाच राहतो. नियम साधा आहे: नळाचं तोंड भांड्याच्या काठापेक्षा वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान एक इंच. मी चार बोटं सांगतो. मधल्या हवेतून पाणी मागं ओढलं जात नाही.

शेवटी टाकीजवळ ड्रम भरायला वेगळा उंच पाइप काढला, टँकर भरतात तसा, वरून बंडीत पडणारा. आठ दिवसांत कोणीतरी त्यालाही रबरी नळी बांधली, ड्रमाच्या बुडापर्यंत. विचारलं तर म्हणे, "वरून पडलं का फेस येते न भाऊ."

विळ्यानं कापली. परवा पुन्हा बांधलेली दिसली, या वेळी तारेनं.